आमच्या गावानं पोलिसांना वाट दिली

कुणाला सांगणार नसाल तर सांगतो. आणि सांगितलंत तरी माझं आता काय जायचंय? टोकावड्यापासून वैशाखऱ्यापर्यंत ज्याला ही गोष्ट माहीत नाही असा एक माणूस शोधून आणा, आजचा चहा माझ्याकडून!

पोलिसांना बघून माणसं पळतात, हे तुम्ही ऐकलं असेल. मी काय केलं? मी पोलिसांना बोलावलं आणि त्यांनाच पळवून लावलं. तेही एकदा नाही, दोनदा!

हसताय काय, आधी ऐका तरी.

मी शाळेत पी.टी.चा मास्तर. गळ्यात शिट्टी असल्याशिवाय मला घराबाहेर पडल्यासारखंच वाटत नाही. आमची बायको पाहुण्यांना सांगते, "माझ्या गळ्यात मंगळसूत्र, यांच्या गळ्यात शिट्टी. दोन्ही लग्नापासून आहेत." आता यात खोटं काही नाही, त्यामुळे मीही गप्प बसतो.

आमचं गाव मुरबाडहून माळशेजला जाणाऱ्या रस्त्यावर. नाव सांगत नाही, कारण जे झालं त्यात गावाचा काडीचा दोष नाही. रस्ता गावाच्या मधून जातो. म्हणजे सरकारच्या मते तो रस्ता आहे, आमच्या मते ती ओसरी आहे. आम्ही तिथं धान्य वाळवतो, ट्रॅक्टर लावतो, गप्पा मारतो. म्हशी तर डांबर गरम असेल तर त्यावरच बसतात. उठवायचं कुणी?

तर मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. घाटात गाडीला अपघात झालेला, आणि पोलिसांची गाडी सायरन वाजवत तिकडे निघालेली. ती आमच्या गावात येऊन अडकली. कशामुळे? मोटरसायकल आडवी लावून एक गृहस्थ एसटीच्या ड्रायव्हरला त्याच्या मुलीचे दहावीचे मार्क विचारत उभे होते, त्यामुळे. मागून सायरन वाजतोय, हॉर्न वाजतोय, आणि हे गृहस्थ मागं न बघता हात दाखवतायत, "एक मिनिट, एक मिनिट!"

ते गृहस्थ म्हणजे मीच. गणितात किती पडले एवढंच विचारायचं राहिलं होतं हो!

घाटातला माणूस वाचला. पण अगदी थोडक्यात, असं नंतर कळलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, हे तुम्हाला खरं सांगतो.

पुढच्या ग्रामसभेला पोलीस ठाण्याचे साहेब स्वतः आले. मला वाटलं, आता आपली खरडपट्टी निघणार. पण माणूस शांत. म्हणाले, "आम्ही सुसाट जातो ते हौस म्हणून नाही. या रस्त्याची वळणं तुम्ही बघता ना? मलाही घरी बायकोपोरं आहेत, मलाही भीती वाटते. पण तिकडे कुणीतरी आमच्या वाटेकडे डोळे लावून बसलेलं असतं. तुम्ही फक्त बाजूला व्हा. बाकी आम्ही बघतो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग मी उठलो. छाती पुढं काढून म्हणालो, "साहेब, एक महिना द्या. गाव तयार करून दाखवतो!"

आणि केलं! दर रविवारी सकाळी तालीम. देवळाच्या भोंग्याला मोबाइल लावून सायरन वाजवायचा. मी दोन शिट्ट्या मारल्या की रस्त्यावरचं सगळं बाजूला. ट्रॅक्टर कडेला, मोटरसायकली कडेला, म्हशी कडेला. मग सगळ्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभं राहून उजवा हात हलवायचा, "जा, जा, वाट मोकळी आहे!" म्हणजे ड्रायव्हरला लांबूनच कळावं. आणि शेवटचा नियम मी प्रत्येक रविवारी घसा फोडून सांगायचो, "सायरन वाजत असताना कुणी रस्त्यात उभा दिसला, तर विचारत बसू नका. धरा आणि ओढा. मग तो सरपंच असो नाहीतर सरपंचाचा सासरा!"

सरपंचाचा सासरा समोरच बसलेला असायचा. पण शिस्त म्हणजे शिस्त.

सगळ्यात लवकर शिकली ती सोनूआजी. वय सत्तरीच्या पुढं, रस्त्याच्या कडेला तिचं घर, आणि हाताला लोहाराची ताकद. तिनं पहिल्याच रविवारी दोन जणांना ओढून गटारात घातलं. एक तर नुसता रस्ता ओलांडत होता.

महिन्याभरात गाव असं तयार झालं की पोलिसांची गाडी आमच्याकडून जाताना ब्रेकला पाय लावेना. साहेबांनी भर ग्रामसभेत मला शाल-श्रीफळ दिलं. म्हणाले, "इतर गावांनी यांच्याकडून शिकावं." त्याचा फोटो आमच्या भिंतीवर आहे. म्हणजे होता. आता तो कपाटात आहे. का ते सांगतो.

भातकापणी झाली होती. आमच्या दादाचं, म्हणजे माझा थोरला भाऊ काशिनाथ, त्याचं शेत रस्त्यापासून थोडं आत. तिथून भाताचे भारे खळ्यावर आणायचे तर वाट जाते आमच्या चुलतभावाच्या, दामूच्या शेताच्या कडेनं. पिढ्यान् पिढ्या तीच वाट. पण आदल्या वर्षी दादाच्या ट्रॅक्टरनं दामूचा वाल तुडवला होता. दामूनं तो वाल वर्षभर लक्षात ठेवला. आणि या वर्षी वाटेवर बोरीच्या काट्यांचं कुंपण घालून मोकळा झाला.

त्या दिवशी सकाळी दादा भाऱ्यांनी भरलेला ट्रॅक्टर घेऊन कुंपणापाशी आला. चालवायला गणपत होता, गावातलाच.

"काढ," दादा म्हणाला.

"नाय काढत," दामू म्हणाला.

"काढतोस का नाय?"

"माझा वाल भरून दे, मंग काढतो!"

मी शाळेत निघालो होतो, वाटेत आवाज ऐकून तिकडे वळलो. आधी मला हसू आलं. साठीला आलेले दोन म्हातारे वालावरून भांडतायत! पण जवळ गेलो आणि हसू मावळलं. दामूच्या हातात कोयता होता. काटे तोडत होता, तोच. आणि दादानं ट्रॅक्टरवरून बांबू ओढून घेतला होता.

आता इथं हसू नका. दोघंही सारखेच, एकदा डोकं फिरलं की फिरलं. दादाला रक्तदाबाच्या गोळ्या चालू. आणि हे दोघं एका ताटात जेवून मोठे झालेले! आमचे वडील गेले तेव्हा दादाच्या शेजारी खांदा द्यायला दामूच होता. एक घाव पडला असता, तर एक भाऊ दवाखान्यात आणि दुसरा कोठडीत. मी डबा आधी कुणाला नेऊन देणार होतो, सांगा?

मी मधे पडलो. दादा ओरडला, "तू जा रे, शाळेत जाऊन शिट्टी वाजव!"

दामूही ओरडला, "जा, नाय तर तुला पण लागंल!"

माझ्याबद्दल मात्र दोघांचं एकमत होतं, बघा.

मी बाजूला झालो आणि ११२ला फोन लावला. पलीकडून एक बाई शांतपणे बोलल्या, "बोला, काय झालंय?"

"मॅडम, दोन माणसं, कोयता आणि बांबू! गाडी पाठवा, लवकर!"

"ठिकाण सांगा."

"टोकावड्याच्या पुढं, घाटाच्या रस्त्यालाच. मी रस्त्यावर उभा राहतो आणि हात करतो, म्हणजे चुकायचं नाही!"

"गाडी निघते आहे. तुम्ही रस्त्यावर थांबा."

मी धावत रस्त्यावर आलो. धाप लागलेली. मागून दादा-दामूचा आवाज येतोय, "ये ना, ये!" "तूच ये!" आणि तेवढ्यात टोकावड्याच्या बाजूनं सायरन ऐकू आला.

आता मी काय करायला हवं होतं? तुम्ही सांगा. गाडी अडवायला हवी होती की नाही? शेंबड्या पोराला विचारलं तरी तो हेच सांगेल.

मी काय केलं? शिट्टी तोंडात घातली आणि दोन शिट्ट्या मारल्या.

डोक्याला विचारलंच नाही हो! कानात सायरन शिरला आणि हातानं परस्पर शिट्टी उचलली. आणि मग गाव असं हललं, असं हललं म्हणून सांगू! ट्रॅक्टर कडेला गेले. दुकानातली माणसं बाहेर येऊन रांगेत उभी राहिली. एसटी आपणहून खाली उतरून थांबली. एक म्हैस, तुम्हाला पटणार नाही, पण स्वतःच्या पायानं उठून बाजूला गेली! इतकी देखणी तालीम एकाही रविवारी झाली नव्हती.

खरं सांगू? माझी छाती अभिमानानं भरून आली. तिकडे भाऊ बांबू घेऊन उभा, आणि इकडे मला अभिमान!

गाडी आली. वळण घेऊन सरळ रस्त्याला लागली आणि काय वेग घेतला! रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं, सगळ्यांचे हात हलतायत, "जा, जा!" मीही हात हलवतोय. मी सांगितलंच होतं ना, हात करतो म्हणून? पुढच्या सीटवर साहेब. त्यांनी आमच्याकडे बघून कौतुकानं हात वर केला. आणि गाडी गेली पुढं वैशाखऱ्याकडे, घाटाच्या बाजूला.

धूळ खाली बसली. सोनूआजी पदर झटकत म्हणाली, "झाक झाला मास्तर. कुठं गेली ओ गाडी? घाटात कोणाला लागला का काय?"

मी तोंडातली शिट्टी काढली. "नाय आजी. आपल्याकडेच यायची होती."

"आपल्याकडे? मंग गेली कशाला?"

"आपण जाऊ दिली म्हणून."

आजीनं माझ्याकडे असं बघितलं, की परीक्षेला पेन विसरून आलेल्या पोराकडे मीही तसं कधी बघितलं नसेल.

पुन्हा फोन. पुन्हा त्याच बाई.

"मॅडम, गाडी पुढं गेली!"

"पुढे गेली? अशी कशी गेली?"

"आम्ही वाट दिली ना!"

"का दिलीत?"

"सवय हो, मॅडम!"

त्या बाईंचं मला कौतुक वाटतं. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मी त्यांना परत फिरवते. या वेळी थांबवा त्यांना."

मी ठरवलं, आता चुकायचं नाही. रस्त्याच्या बरोब्बर मधे, पांढऱ्या पट्ट्यावर जाऊन उभा राहिलो. दोन्ही हात पसरले. शिट्टी शर्टाच्या आत टाकली, उगाच हाताला लागायला नको. काय बिशाद आहे गाडीची पुढं जायची!

घाटाच्या बाजूनं सायरन आला. जवळ आला. आणि माझ्या दंडाला कुणीतरी पकडलं.

"मास्तर, बाजूला व्हा!"

सोनूआजी! आणि दुसऱ्या बाजूनं किराणा दुकानाचा जनू.

"आजी, सोड गो! मला थांबवायचीय गाडी!"

"सायरन वाजतोय! विचारायचा नाय, धरायचा आनि वढायचा. तुमीच बोललेलात!"

"आजी, मी बोललो, पण मी..."

"सरपंच असो नाय तर सरपंचाचा सासरा!" असं म्हणून तिनं मला असा हिसका दिला, की माझी चप्पल रस्त्यावर राहिली आणि मी कडेला आलो. मी "थांबा! थांबा!" म्हणून ओरडतोय, दोन्ही हात वर करून नाचतोय. आणि माझ्या आजूबाजूला सगळं गाव हात हलवतंय, "जा, जा!" ड्रायव्हरनं माझा उत्साह बघितला आणि जाता जाता एक हात कपाळाला लावून मला नमस्कार केला.

गाडी टोकावड्याकडे गेली. माझ्या चपलेवरून.

मी रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसलो. मनात म्हटलं, झालं. आता तिकडे काय झालं असेल ते देवालाच ठाऊक. आपण गावाला एवढं शिकवलं, आणि आपल्याच भावासाठी मदत पोचली नाही. डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या.

तेवढ्यात मागून आवाज आला, "अरे, हा काय तमाशा चाललाय?"

वळून बघतो तर दादा! बांबू तसाच हातात. आणि त्याच्या शेजारी दामू, कोयता हातात. दोघांचीही डोकी शाबूत!

"दोनदा सायरन वाजला," दामू म्हणाला. "आमी बोललो बघू तरी, काय झालाय. गाडी कोनासाठी आलीय?"

"तुमच्यासाठी!" मी किंचाळलो. "तुम्ही एकमेकांचे मुडदे पाडू नये म्हणून मी बोलावलीय!"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"आमच्यासाठी? मंग थांबत का नाय?" दादा म्हणाला. त्याला खरोखर वाईट वाटलं होतं. दारावरून वरात जावी आणि आपल्याला कुणी बोलावू नये, तसं!

"थांबवा तिला," दादा म्हणाला. "साहेबांना दाखवतो मी, यानं वाट कशी अडवलीय ती."

"थांबवाच!" दामू म्हणाला. "माझी तक्रार पहिली. मागल्या सालचा वाल हाय माझा!"

"पण थांबवणार कशी?" मी म्हणालो. "माणूस रस्त्यात उभा राहिला तर आजी ओढते."

तेव्हा दामूच्या डोक्यात ती कल्पना आली. "माणसाला वढते. कुंपणाला थोडीच वढंल?"

आणि मग मी जे बघितलं ते मरेपर्यंत विसरणार नाही. दोघंही परत शेताकडे धावले. बोरीचं कुंपण एकट्यानं हलणारं नव्हतंच. दादानं बांबू टाकला, दामूनं कोयता टाकला, आणि एकानं एक टोक धरलं, दुसऱ्यानं दुसरं.

"त्या बाजूनं उचल रे!"

"उचललाय, तू वड! दादा, काटा सांभाळ, पायात जाईल!"

"माझा सोड, तुझा हात बग, रक्त येतंय!"

अख्खं कुंपण त्यांनी ओढत आणलं आणि रस्त्यावर आडवं टाकलं. सरळ रस्ता, लांबूनही दिसेल असं. सोनूआजी चक्रावली. "मास्तर, आता बाजूला व्हायचा का मधे थांबायचा? एकदा काय ते सांगा!"

मी तेवढ्यात त्याच बाईंना तिसरा फोन लावला होता. तिसऱ्यांदा सायरन आला. या वेळी ब्रेक लागले. गाडी कुंपणाच्या बरीच अलीकडे थांबली आणि साहेब खाली उतरले. चेहरा लाल.

"रस्ता कुणी अडवला?"

काट्याच्या एका टोकाला दादा, दुसऱ्याला दामू. दोघांच्याही हातात अजून फांद्या.

"आणि कोयत्याचं भांडण कुठं आहे? मी या रस्त्यावर ऐंशीच्या वेगानं तिसऱ्यांदा येतोय. सांगितलं होतं, एक माणूस हात करेल. इथं साठ माणसं हात करतायत! त्यातला माझा कोणता?"

"साहेब," दादा पुढं झाला, "यानं माझी वाट अडवलीय. चला, दाखवतो."

आम्ही सगळे शेताकडे वळून बघतो, तर वाट मोकळी! कुंपण रस्त्यावर आलं होतं ना? आणि ट्रॅक्टर? गणपत बिचारा कधीपासून ताटकळला होता. वाट मोकळी दिसताच त्यानं ट्रॅक्टर काढला आणि तो खळ्यावर जाऊन भारेही उतरवायला लागला होता. वालाचं एक पानसुद्धा तुडवलं नव्हतं. दामूनं स्वतः शेतात जाऊन, वाकून बघितलं.

"मग तक्रार काय आहे?" साहेबांनी विचारलं.

दामूनं डोकं खाजवलं. "आता तशी काय नाय."

"तुमची?"

दादा म्हणाला, "भारे पोचले, साहेब. आमच्या घरातलाच मामला हाय."

"मग फोन कुणी केला?"

आणि बघा, ज्या दोन भावांचं सकाळपासून एका गोष्टीवर एकमत होत नव्हतं, त्या दोघांनी एकाच वेळी बोट उचललं आणि माझ्याकडे दाखवलं. "यानं!"

साहेबांनी मला बघितलं. मग ओळखलं. पायात एकच चप्पल, पण शिट्टी ओळखीची होती.

"मास्तर, तुम्ही?"

मी मान खाली घातली. ड्रायव्हरनं तोंड दुसरीकडे फिरवलं होतं, पण त्याचे खांदे हलत होते. साहेबांनी मला पाच मिनिटं उभ्या उभ्या झापलं, आणि त्यातला प्रत्येक शब्द खरा होता. सगळ्या गावासमोर, हो! मग गाडीत बसता बसता म्हणाले, "ती शाल आहे का अजून घरी?"

"आहे, साहेब."

"जपून ठेवा. पुढच्या ग्रामसभेला परत न्यायला येतो."

परवा पुन्हा सायरन वाजला. गाडी खरोखरच घाटात निघाली होती, कुणाला तरी वाचवायला. शिट्टी आता सोनूआजीकडे असते, तिनं दोन वाजवल्या. गाव बाजूला झालं, हात हलले, गाडी एका क्षणात निघून गेली. सगळं अगदी मी शिकवलं तसं.

मीही कडेला उभा होतो. दादानं माझा डावा दंड धरला होता आणि दामूनं उजवा. गाडी वळणाआड जाईपर्यंत दोघांनी सोडलं नाही. मग दामूनं माझ्या खिशातला मोबाइल काढून बघितला, आणि दादाला म्हणाला, "नाय रे, यानं नव्हता लावला."

तेव्हा कुठं सोनूआजीनं गावाला रस्त्यावर यायची परवानगी दिली.